भांड्यावर नाव देणाऱ्याचं

अध्यक्षसाहेब, समोर बसलेल्या आयाबहिणींनो, भावांनो. जय भीम.

मले कोणी बोल म्हटलं नव्हतं. आजच्या बोलणाऱ्याइत माहं नाव नाही. मी माईक मागितला तव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या भाऊनं अध्यक्षसाहेबाकडं पाहिलं, अध्यक्षसाहेबानं छताकडं पाहिलं, आणि तेवढ्यात मी माईक घेऊन घेतला. राग आला असन तर येऊ द्या. मलेही आलेला आहे.

मी शोभा. उत्तमची मोठी बहीण. अकोल्याहून आली. जन्मभर शाळेत पोट्ट्याइले शुद्ध बोलायले लावलं. आज माह्यानं शुद्ध बोलणं होत नाही, घरचंच तोंडातून निघून राहिलं. मधी मधी थांबते. थांबली म्हणजे संपलं असं समजू नका. कोणी उठू नका.

हा फोटो पाहा. त्याच्या लायसनवरचा आहे, मोठा करून आणला. दुसरा फोटोच नाही त्याचा एकट्याचा. प्रत्येक लग्नात हा बापा मांडवाच्या मागं, पाणी भरून राहिलेला, नाहीतर आपल्या मालाच्या ऑटोतून खुर्च्या उतरवून राहिलेला. फोटोत यायले वेळच नव्हता त्याले.

माह्या आधी जे जे बोलले, ते सगळे म्हणे, उत्तमराव प्रामाणिक होते. उत्तमराव सचोटीचे होते. उत्तमरावानं कोणाच्या काडीले हात लावला नाही. मी तिथं खांबाजवळ बसून ऐकून राहिली होती. लय बरं वाटलं. खोटं कायले सांगू, बरं वाटलं. आणि मंग मी उठून माईककडं निघाली.

काहो, हे तुमी कोर्टात काहून नाही सांगितलं?

हेच शब्द. हेच, जसेच्या तसे. एका माणसानं येऊन सांगितले असते तर भागत होतं. आज तो आयकत नाही तर तुमी सगळे साक्ष देऊन राहिले. तो आयकत होता तव्हा तुमी कुठं होते?

चांदूर रेल्वेकडून पाहुणे आले आहे, मंदाच्या माहेरचे. त्याइले सगळं माहीत नसन. मंदा, माही भावजय, ती तर बोलायच्या स्थितीत नाही, पाहा तिच्याकडं. म्हणून मी पहिल्यापासून सांगते. बाकीच्याइले माहीत आहे, पण तुमीही आयका. आपलंच काम आपण विसरून जातो.

गोष्ट याच विहारात सुरू झाली. याच सतरंजीवर. बुद्धाची नवी मूर्ती करायची होती, पितळेची. कोणी म्हणे वर्गणी काढा, कोणी म्हणे बाहेरून तयार आणा. तव्हा उत्तम उठला. तो सभेत कधी उठत नव्हता. म्हणे, "इकत कायले आणता? घरोघरी माळ्यावर पितळेचे भांडे पडले हाये. स्टील आलं तव्हापासून कोणी काढत नाही. ते गोळा करू, वितळवू. आपल्या मायच्या, आपल्या आजीच्या भांड्याचा बुद्ध करू."

टाळ्या वाजवल्या तुमी. मी होती तिथं. लय टाळ्या वाजल्या.

मंग निघाला पाटीचा विषय. दानदात्याची पाटी लावायची का? आता वर पाहा जरा. तो पंखा दिसते? त्याच्या पात्यावर नाव आहे. मागं त्या नावावरून जे भांडण झालं, त्यातले दोन घरं अजून एकमेकाच्या मयतीले जात नाही. म्हणून उत्तम म्हणे, यावेळेस नाव नाही. पावती नाही. कोणी काय दिलं हे कोणी कोणाले इचारायचं नाही. देणाऱ्यानं द्यायचं, पोत्यात टाकायचं, विसरून जायचं. एकाचा पाण्याचा गुंड मोठा न दुसऱ्याची वाटी लहान, हे बुद्धात कोणाले दिसणार नाही. तुमी सगळ्याइनं हात वर केले. अध्यक्षसाहेबानं पण केला. मीही केला. लिहून कोणी काही ठेवलं नाही, काहून की लिहायचं नाही हेच तर ठरलं होतं!

आणि तो कामाले लागला, पहिले इथल्याच घराघरात. भाजीपाल्याच्या फेऱ्या करे तो, तुमाले माहीत आहे. बाळापूरले माल घ्यायले गेला की तिथल्या आपल्या वस्तीत एक चक्कर. मूर्तिजापूरले गेला की तिथं. बायाइनं माळ्यावरून, पलंगाखालून, गव्हाच्या कोठीमागून भांडे काढले. गुंड, गडवे, कोपर, पराती. कोणी म्हणे, भाऊ, आमच्या ह्याइले सांगू नका, ते भंगारात घालायचं म्हणून राहिले होते. कोणी म्हणे, सासूले सांगू नका, ते माह्या माहेरचं आहे पण तिचा डोळा आहे त्याच्यावर. आणि हा प्रत्येकीले सांगे, "तुमचं नाव माह्या तोंडातून निघणार नाही."

बह्याड, येडा माहा भाऊ. नाही निघालं.

आता एक गोष्ट सांगते, ती तुमच्या सगळ्याइच्या घरातली आहे. आपल्याकडं लग्नात भांडं देतो तव्हा दुकानदाराकडून त्याच्यावर नाव टाकून घेतो. कोणाचं नाव? देणाऱ्याचं. अमुक अमुक यांजकडून. ज्याच्या घरी ते भांडं जाते, त्याचं नाव त्याच्यावर नसते. तिच्या मामाचं असते, आत्याचं असते, नवऱ्याच्या ऑफिसातल्या सायबाचं असते. आपल्या घरात आपल्या नावाचं एक भांडं शोधून दाखवा. सापडणार नाही! आपल्या नावाचे भांडे सगळे दुसऱ्याइच्या घरी आहे. आपण दिलेले.

आपल्याले यात काही वावगं वाटते का? नाही वाटत. आता हेच भांडे एका पोत्यात भरा, ते पोतं एका गरीब माणसाच्या ऑटोत टाका, आणि रस्त्यात कोणाले उघडून दाखवा.

अकोल्याचा एक ओतकाम करणारा कारागीर त्यानं पाहून ठेवला होता. त्याच्याकडं पोते घेऊन निघाला. भर दुपार. रस्त्यात तपासणी सुरू होती. त्या दिवसाइत लग्नसराईत बंद घरं फुटून राहिले होते, त्याच्यानं पोलीस जागोजागी उभे होते. त्याइचं कामच होतं, मी ते नाकारत नाही. पोतं उघडलं. एक भांडं काढलं, त्याच्यावर एक नाव. दुसरं काढलं, दुसरं नाव. तिसऱ्यावर तिसरं. गाव वेगळे, आडनावं वेगळे.

"कायचे भांडे हाये बे हे?"

"साहेब, लोकाइनं दिले."

"कोण्या लोकाइनं?"

आणि हा गप्प. त्यानं वचन दिलं होतं ना!

"कायले दिले?"

"बुद्धासाठी."

त्या जमादाराले हसू आलं, असं उत्तम सांगे. कोणाले नाही येणार? मंग म्हणे, तुह्या नावाचं एक तरी दाखव याच्यात. तव्हा उत्तमनं त्याले इचारलं. अगदी सरळ मनानं, बरं का, टोमणा मारायची अक्कल नव्हती माह्या भावाले. त्यानं इचारलं, "साहेब, तुमच्या घरच्या भांड्यावर कोणाचं नाव हाये?"

कानाखाली बसली. त्या कानानं त्याले मंग शेवटपर्यंत कमीच आयकू आलं.

ज्याइच्या घरी चोऱ्या झाल्या होत्या त्याइले बोलावलं, भांडे दाखवले. कोणीच म्हटलं नाही की हे माहं आहे. एकही भांडं चोरीचं निघालं नाही. मले वाटलं, सुटला. मी मंदाले फोनवर म्हटलं, चहा ठेव, तो घरी येते आता.

कायचा येते! मूर्तिजापूरच्या आपल्या नात्यातल्या एका पोरीनं वकिली केली आहे, तिले केस दिली. ती म्हणे, "ताई, चोरीचा गुन्हा नाही लागला. पण दुसरं कलम लावलं. संशयास्पद माल जवळ बाळगला आणि त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही."

मी म्हटलं, "अवं पण चोरी कोणाकडं झाली?"

"ते इथं दाखवायची गरज नाही, ताई."

"माल कोणाचा?"

"तेही नाही."

"मंग चोर कशावरून?"

ती बिचारी लहान पोराले समजवावं तशी मले समजवे. म्हणे, दुसऱ्या गुन्ह्यात सगळं सरकारनं शाबित करायचं असते, आरोपी गप्प बसला तरी चालते. इथं सरकारनं फक्त एवढं दाखवायचं की शंकेले जागा आहे. ती जागा तर आहेच, भांड्याभांड्यावर आहे. एवढं झालं की ओझं आपल्या डोक्यावर. आपण सांगायचं, हे माह्याजवळ कसं आलं. आणि ते न्यायाधीशसाहेबाले पटलं पाहिजे. त्याइचं समाधान झालं पाहिजे.

समाधान! हा शब्द मी पोट्ट्याइले शिकवला आहे. वाक्यात उपयोग करा म्हणून सांगितलं आहे. त्याच्यानं माणूस मरते हे मले माहीत नव्हतं.

तुमाले सोपं करून सांगते. तुमी सगळ्याइनं चपला बाहेर दारात काढल्या आहे. आता जातांना तिथं कोणी उभा राहिला न म्हणे, या चपला तुमच्याच काहून? सांगा. काय सांगान? पायात बसते म्हणून? चोराच्याही पायात बसते. कुठून घेतल्या? कव्हा? पावती? दुकानदार वळखते का? अंगावरचं लुगडं कोणी दिलं? घरातली सायकल? ते भिंतीवरचं घड्याळ? अर्धं घर आपलं असंच आहे न बाप्पा, कोणी दिलेलं, कोणी सोडून गेलेलं. ज्याच्या घरी फ्रीज आहे त्याले कोणी इचारत नाही, ज्याच्या ऑटोत पोतं आहे त्याले इचारते. बाकी फरक काहीच नाही.

वकीलबाई म्हणे, "ताई, सगळे नको. एक माणूस आणा. एकच. त्यानं पिंजऱ्यात येऊन म्हणावं, हो, मी दिलं, मूर्तीसाठी दिलं. एका भांड्याचा खुलासा झाला तर बाकीच्याचाही पटते."

एक माणूस.

मी कारागिराकडं गेली. तो म्हणे, बाई, ते फक्त इचारून गेले होते, काम ठरलं नव्हतं, मले माल माहीत नाही. बरोबर आहे त्याचं. त्यानं तर माल पाहिलाच नव्हता.

मंग मी अध्यक्षसाहेबाकडं गेली. साहेब, तुमी वर पाहू नका, मी तुमच्याबद्दलच बोलून राहिली. तुमी मले चहा पाजला. चांगला चहा होता. म्हणे, "शोभाताई, ठराव तोंडी झाला होता. आता लेखी दिलं तर ते मागच्या तारखेचं होईन. संस्था अडचणीत येईन." मी म्हटलं, लेखी नका देऊ, तोंडी झाला होता ना, तर तोंडीच येऊन सांगा. तव्हा तुमी म्हणे, पोराची नोकरी लागून राहिली आहे, पोलिसाचं चारित्र्य पडताळणीचं काम बाकी आहे, अशात माहं नाव कोण्या केसमध्ये नको. तुमचं पोरगं गुणी आहे. लागली नोकरी त्याले. अभिनंदन तुमचं. आज मनापासून सांगते, त्याचं चांगलं होवो.

बायाइकडं गेली. घराघरात गेली मी. कोणत्या घरात काय दिलं, मले काय माहीत? उत्तम जामिनावर घरी आला होता, पण सांगायले तयार नव्हता. मी त्याच्या पायापर्यंत वाकली, म्हटलं, बापा, नावं सांग. तो म्हणे, "ताई, नाव नाही सांगायचं हे ठरलं हाये. मी सांगितलं तर त्याइच्या घरी भांडणं होतीन. त्या स्वतःहून येतीन. पाह्यजो तू."

येतीन म्हणे! तारखेमागून तारीख गेली. हा दर तारखेले कोर्टाच्या बाहेर, दाराकडं तोंड करून उभा राहे. कोणी लुगड्यातली बाई दिसली की जागचा हले. ती दुसऱ्याच केसची असे.

एकीनं मात्र मले खरं सांगितलं. तिचं नाव मी घेणार नाही, इथंच बसली आहे ती. ती म्हणे, "ताई, मी येते न म्हणते मी दिलं. मंग ते मले इचारतीन, तुह्याकडं कुठून आलं? माह्या मायनं दिलं. मायले कोणी दिलं? माय तर गेली. मंग मी कोणाले आणू?" मी तिच्या घरून उठून आली. काहून की तोवर माह्यासंगं तेच होऊन गेलं होतं.

हो, मी गेली होती पिंजऱ्यात. त्या पोत्यात माहा एक गुंड होता. माह्या लग्नातला. त्याच्यावर नाव, शामराव, बोरगाव, यांजकडून. शामराव माहा मामा. मी शपथ घेतली, सांगितलं, हा गुंड माहा आहे, मी माह्या हातानं दिला, मूर्तीसाठी दिला.

सरकारी वकील उठले. "यावर तुमचं नाव आहे?"

"नाही, मामाचं आहे."

"मामाला आणता येईल?"

"मामा वारले."

"हा गुंड तुमच्या घरात होता याचा काही पुरावा? फोटो?"

काहो, गुंडाचा फोटो कोण काढते? पाणी भरलं त्याच्यात. पोराइले आंघोळी घातल्या त्याच्यातल्या पाण्यानं. त्याच्या काठाले एक चेंब आहे, विहिरीच्या दगडावर आपटला होता त्याची. मी तेही सांगितलं. तर म्हणे, भांडं तुमच्यासमोर टेबलावरच आहे, पाहून कोणीही सांगेल. आणि शेवटी म्हणे, "आरोपी तुमचा सख्खा भाऊ ना?" मी म्हटलं हो. ते म्हणे, बस्स. अन् खाली बसले.

हितसंबंधी साक्षीदार म्हणतात त्याले. मी त्याची बहीण, म्हणून माहं खरं धरायचं नाही. तुमी त्याचे कोणीच नव्हते, तुमचं धरलं असतं. तुमची गरज त्याच्यासाठीच होती.

त्याच्यानंतर उत्तम बदलला. भाजीच्या फेऱ्या कमी झाल्या, काहून की लोकाइनं माल देणं थांबवलं. बाळापूरची एक मळेवाली बाई फक्त शेवटपर्यंत त्याच्याच ऑटोत वांगे पाठवे. ती ना आपल्या जातीची, ना आपल्या विहाराची. बाकीचे वळून जात. एका लग्नात, नाव घेत नाही, हा आचाऱ्याइले पाणी देऊन राहिला होता न मागून कोणीतरी म्हणे, भांडे मोजून घ्या रे. हसले लोक. त्याचा चांगला कान त्या बाजूनं होता.

मंग त्याले एक याड लागलं. पावती मागायचं. बाजारात मेथीची जुडी घेतली तर म्हणे, पावती द्या. ती माळीण हसे. म्हणे, भाऊ, मेथीची कायची पावती? हा तिथंच उभा राहे. पंक्चर काढलं, पावती. चहा प्याला, पावती. खिसे फुगलेले राहत. मंदा धुवायले शर्ट घेई न खिसे खाली करे, तर हा तिच्या अंगावर धावे. कधी बायकोवर आवाज न चढवलेला माणूस! मी रक्षाबंधनाले शर्टाचं कापड आणलं तर मले म्हणे, ताई, बिल ठेवलं ना? मी रागावली. म्हटलं, तुह्या सख्ख्या बहिणीनं दिलं, त्याले बिल? तर म्हणे, "तू सख्खी हायेस म्हणूनच तर चालत नाही."

छातीत दुखू लागलं तव्हा मंदानं दवाखान्यात नेलं. मीही पोचली. आतमधी नेतांना नर्सनं त्याच्या हातातलं घड्याळ काढलं. रीतच असते, अंगावरचं सगळं काढून नातेवाइकाइजवळ देतात. ती पोरगी आपल्या कामात होती, तिनं सहज इचारलं, "घड्याळ यांचंच आहे ना?"

ती आमाले इचारून राहिली होती. त्यानं डोळे उघडले. हात जोडायले गेला, एका हाताले सलाईन होती, एकच हात वर आला. म्हणे, "माहंच हाये, बाई. पावती घरी हाये."

हे शेवटचं बोलला तो. मंदाले काही नाही. पोराइले काही नाही. मले काही नाही. पावती घरी हाये.

थांबा. पाणी नको. बोलते मी.

आता केसचं काय झालं ते सांगते. आरोपी मयत झाला म्हणून केस बंद झाली. मी वकीलबाईले इचारलं, म्हणजे निर्दोष सुटला ना? ती म्हणे, नाही ताई. दोषी म्हटलं? तर तेही नाही. निकालच नाही. कागदावर फक्त मयत. ज्याच्यासाठी तो एवढे दिवस दाराकडं पाहत उभा राहिला, तो एक शब्द त्याले कोणीच दिला नाही. ना न्यायाधीशसाहेबानं, ना तुमी. आज तुमी फुलं दिले. हार तर इतके झाले की फोटोतलं तोंड दिसत नाही.

आणि भांडे? ते अजून ठाण्याच्या मुद्देमालात पडले आहे, त्याच पोत्यात. वकीलबाई म्हणे, ज्याचे आहे त्यानं अर्ज करावा, ओळख पटवावी, न्यावे. कोणीच नाही आलं तर बेवारस म्हणून लिलाव होईन. भंगारवाला घेईन, वितळवीन. वितळणं काही चुकत नाही त्याइचं. बुद्ध तेवढा होणार नाही.

मी सोमवारी माह्या गुंडासाठी अर्ज घेऊन जाऊन राहिली. मामाचं नाव असलेल्या गुंडासाठी. मले माहीत आहे ते काय इचारतीन. इचारू द्या. मले तो गुंड घरी नाही न्यायचा. मले तिथं उभं राहून पुन्हा एकदा सांगायचं आहे की हा मी दिला होता. पण माहं एकटीचं कोणी धरत नाही. मी अजूनही त्याची बहीणच आहे.

म्हणून आता मी तुमाले एक मागते. आदरांजलीची रीत आहे, शेवटी सगळे उभे राहतात, मौन पाळतात. आज थोडं उलटं करू. आज सगळे बसून राहा. फक्त ज्या बाईनं, ज्या माणसानं त्या पोत्यात आपल्या घरचं भांडं टाकलं, तेवढ्यानंच उभं राहायचं. बोलायचं काही नाही. मी नाव लिहून घेणार नाही. मी कोणाच्या नवऱ्याले, सासूले सांगणार नाही. उत्तमनं नाही सांगितलं, मीही नाही सांगणार. नुसतं उभं राहायचं. त्याच्या फोटोले दिसलं पाहिजे की तो खोटं नव्हता बोलत.

मी थांबते. राहा उभे.

कोणी?

तिकडं मागं बांगड्या वाजल्या. कोणी उठून राहिलं का? ...बसली. बस, बाई, बस. तुह्यावर माहा राग नाही. तुह्या बाजूचा माणूस तुह्याकडं कसा पाहून राहिला, ते दिसते मले इथून.

अजून कोणी?

बरं.

मंग आपली नेहमीची रीत करून टाकू. अध्यक्षसाहेब, तुमीही उठा. उत्तमच्या स्मृतीले दोन मिनिटं मौन पाळायचं आहे. सगळ्याइनं आपापल्या जागेवर उभं राहा.

पाहा. कसे एका झटक्यात सगळे उठले.

उत्तम, बापा, तुह्यासाठी अख्खं विहार उभं आहे. आता पाहून घे. जय भीम.